बेचाळीस स्थळांची वही

बसवनगुडी, बंगळूर
९ जून १९६३

चि. शेषगिरी,

पत्राच्या वर मोठ्या बहिणीनं आशीर्वाद लिहायचा असतो. आज हात वळत नाही, म्हणून लिहिला नाही.

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं, त्यामुळे आधी वाटलं तुझ्याकडे कुणी आजारी आहे. फोडलं तर आठ पानं माझी स्तुती. ज्या बहिणीचं नाव घरात काढायचं नाही असा तू दंडक घातला होतास, ती एकाएकी ‘सेवेची मूर्ती’ झाली. वकिलांना पक्ष बदलायला फार वेळ लागत नाही हे ठाऊक होतं, पण निदान कारण तरी सांगतात.

समाजाचे अध्यक्ष नरसिंहराव माझा सत्कार करणार आहेत, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ते राहतात चामराजपेटेत, इथून चालत अर्ध्या तासावर. मला विचारायला त्यांना सवड झाली नाही, तुला पुण्याला पत्र घालायला झाली. पंचवीस ऑगस्टला समारंभ, शाल, नारळ, मानपत्र आणि एक स्मरणिका. त्या स्मरणिकेत माझ्यावरचा लेख तू लिहायचास, कारण तू भाऊ आणि तुझी लेखणी चांगली. इथवर मी सोसलं असतं. शाल डिसेंबरात उपयोगी पडते.

पण सातव्या पानावर तू लिहितोस की चौपन्न साली हे घर सोडताना तू नेलेल्या ट्रंकेत माझी काळी वही निघाली, आणि लेखाच्या शेवटी त्या वहीतली बेचाळीस घरं तू नावानिशी छापणार आहेस. ‘ज्या घरांत कावेरीअक्कांनी आरोग्याचा दिवा नेला’ असा मथळाही तुला सुचला आहे.

शेषगिरी, त्या वहीत महारोग झालेल्या माणसांची नावं आहेत. तुला ते माहीत आहे, तरी पांढऱ्यावर काळं असावं म्हणून लिहिते. त्यांच्या शेजाऱ्यांना ते ठाऊक नाही. काहींच्या सख्ख्या भावांना ठाऊक नाही. एक बाई अशी आहे की तिच्या नवऱ्याला सहा वर्षं पत्ता नव्हता, तिच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात असायच्या. आणि तू त्यांची यादी छापून, वर माझा फोटो लावून, समाजाच्या सगळ्या घरांत वाटणार. माझा सत्कार म्हणून.

ती वही मी नऊ वर्षं शोधते आहे. कुणाच्या हाती लागली असेल, या भीतीनं मी रद्दीवाल्यांची दुकानंसुद्धा पालथी घातली. ती तुझ्या ट्रंकेत होती हे वाचून क्षणभर बरं वाटलं. पुढच्या ओळीला ते गेलं.

वही रजिस्टर पोस्टानं पाठव. लेख लिहू नकोस. नरसिंहरावांना मी सांगते.

कावेरी

*

२७ जून १९६३

चि. शेषगिरी,

वही आली नाही, तुझं पत्र आलं. बारा पानं. खाली सही नसती तरी ओळखलं असतं.

तू म्हणतोस, आता औषध आहे, हा रोग बरा होतो, मग लपवायचं कशाला. लपवल्यानं लाज वाढते, उघड केल्यानं जाते. अगदी खरं. हेच मी चौपन्न साली तुला सांगत होते, तेव्हा तू कानांवर हात ठेवले होतेस. पण ज्याची लाज आहे त्यानं ती टाकायची असते रे. दुसऱ्यानं ओढून काढली तर त्याला वस्त्रं फेडणं म्हणतात.

आणि तू विचारतोस की इतकी लपवाछपवी करून मी पंधरा वर्षांत मिळवलं काय. ऐक मग. माझ्यावर लेख लिहायला निघालास, तर मी काय करते हे तुला माहीत असावं.

अठ्ठेचाळीस साली मार्केटामागे आमचं सेवाकेंद्र निघालं. दोन खोल्या, आठवड्यातून दोन दिवस येणारे एक डॉक्टर, जखमा धुणारी यल्लव्वा आणि मी. पूर्वी कडू तेलाच्या सुया द्यायचे, त्या इतक्या दुखायच्या की माणसं पळून जायची. नंतर गोळ्या आल्या. गोळ्यांनी रोग खरंच हटत होता, पण केंद्राची पायरी चढायला कुणी तयार नव्हतं. पायरी चढताना कुणी पाहिलं की घरातल्या सगळ्या मुलींची लग्नं बसली. म्हणजे घरोघर कुणीतरी जायला हवं होतं. आता शाळेतली एक मास्तरीण दर आठवड्याला एकाच घरी का जाते, हा प्रश्न चामराजपेटेत दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाच्या रांगेत विचारला जातो.

म्हणून मी लग्नं जुळवायला लागले. कापडी पिशवीत वर पत्रिकांची चळत, खाली गोळ्यांच्या पुड्या. स्थळ घेऊन येणारी बाई कुठल्याही घरी कधीही जाऊ शकते. तिला कुणी का आलीस विचारत नाही, उलट शेजारीण आपलीही पत्रिका आणून देते. तिला थेट स्वयंपाकघरात नेतात, कॉफी देतात. आणि स्वयंपाकघरात मला जे पाहायचं ते दिसतं. चुलीवरचं पातेलं एखादी बाई फडक्याशिवाय, सांडशीशिवाय, गप्पा मारत उचलते. हात भाजतो आणि तिला कळत नाही. तिथं मी ओळखते. मग कापसाची वात काढायची आणि म्हणायचं, डोळे मिट, सांग कुठं लागतंय. जिथं डाग असतो तिथं लागत नाही. बाया डोळे मिटून हसत बसतात, “अक्का, लवकर लाव की.” मी लावलेली असते.

वहीत मी सगळं लग्नाच्या भाषेत लिहीत असे, कुणाच्या हाती पडली तर पडली म्हणून. रंग उजळला म्हणजे डाग फिका झाला. पत्रिका जुळते म्हणजे गोळ्या वेळेवर चालू आहेत. मंगळ आहे म्हणजे अजून दुसऱ्याला लागण होऊ शकते, भांडी वेगळी ठेवा. नावं मात्र खरी, कारण माणसाला खोट्या नावानं औषध देता येत नाही. ही भाषा मीच तुला चौपन्नच्या भांडणात सांगितली. राग आला की माझं तोंड सुटतं, तुझं तसं माझं.

समाजात माझी काय थट्टा होते ठाऊक आहे? कावेरीअक्कांकडे पत्रिका दिली की पोरगी घोडनवरी होते. नरसिंहरावांच्या पत्नी एकदा भर मंगळागौरीत म्हणाल्या की अक्कांना स्वतःचं जमलं नाही, त्या दुसऱ्याचं काय जमवणार. मी हसले. त्या घोळक्यातल्या तीन बायांच्या पुड्या माझ्या पिशवीत होत्या, आणि त्या तिघी माझ्यापेक्षा मोठ्यानं हसल्या. बरंच झालं, मी म्हटलं.

पंधरा वर्षांत मी एकच लग्न जुळवलं. तुझ्या क्षमाचं. आता ते कसं जुळलं हेही लिहिते, कारण तू मला नऊ वर्षं दगाबाज समजत आलास.

रघुपतीरावांच्या घरी मी त्यांच्या बायकोसाठी, कमलाबाईंसाठी, जात होते. तीन वर्षं झाली होती, डाग जाण्याच्या वाटेवर होता. समोरच्या घरातली म्हातारी संशयानं बघायला लागली. ही बाई इतक्या वेळा येते आणि यांच्या मुलासाठी एकही पत्रिका ठेवून जात नाही, असं कसं? त्या दिवशी माझ्या पिशवीत दुसरी कुठली पत्रिका उरली नव्हती. क्षमाची होती. तू ती मला नक्कल काढायला दिली होतीस. म्हातारीला दिसेल अशी मी ती ओट्यावर रघुपतीरावांच्या हातात दिली आणि पुढच्या गुरुवारी परत घेऊन यायचं ठरवलं.

पुढच्या गुरुवारी रघुपतीराव दारातच उभे. “अक्का, अठ्ठावीस गुण जुळतात. गुरुजी म्हणाले असा योग दहा वर्षांत पाहिला नाही.” बिचाऱ्यांनी खरंच मानलं. त्यांना वाटलं, मी सगळं माहीत असून माझ्या भावाची मुलगी त्यांच्या घरात देते आहे, म्हणजे मी त्यांना माणसांत धरते आहे. ते रडले. मी त्यांना काय सांगायला हवं होतं, की ती पत्रिका पडदा म्हणून आणली होती? आणि तू तर मुलगा पाहून खूश. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण माझं नव्हतं, कमलाबाईंचं होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्यांच्यापासून आता कुणाला धोका नाही, आणि हा रोग आईबापांकडून रक्तात येत नाही. मी गप्प बसले.

पाच महिन्यांनी क्षमा तुला सहज बोलली की सासूबाईंना चटका कळत नाही. पुढचं तुला माहीत आहे. मुलीला परत न्यायला गेलास, ती आली नाही, आणि तू आम्हा दोघींनाही सोडलंस. आज तिची पोर पाच वर्षांची आहे, कमलाबाईंच्या मांडीवर जेवते.

मी चुकले असेन. तुला सांगायला हवं होतं असं कधीकधी वाटतं, आणि दुसऱ्या घरी कॉफी घेताना वाटतं, कसं सांगणार होते. पण मी एक नाव पोटात ठेवलं म्हणून तू बहीण टाकलीस, आणि आज तू बेचाळीस नावं छापून बहीण परत मिळवायला बघतोस.

वही पाठव. पहिल्या पानावरची ‘रा.’ कोण, तिचा पत्ता लागत नाही, असं तू विचारलं आहेस. ते तुझं काम नाही.

कावेरी

*

१८ जुलै १९६३

शेषगिरी,

आज चिरंजीवसुद्धा लिहीत नाही.

तू लेख पाठवलास. मी नको म्हटल्यावर, दोनदा नको म्हटल्यावर, पाठवलास. वर नरसिंहरावांना लिहिलंस की नमुन्यादाखल सात नावं जोडत आहे, बाकीची मागाहून. सात का? थोडंसं पाप कमी लागतं म्हणून?

नरसिंहरावांनी काय केलं असेल? अध्यक्ष आहेत, सगळं रीतसर करतात. लेखाच्या अकरा प्रती टंकलिखित करून समितीच्या अकरा सभासदांकडे ‘तपासणीसाठी’ पाठवल्या. अकरा सभासद, त्यांच्या अकरा बायका. मला हे परवा मंगळवारी कळलं, आणि तेसुद्धा पापडांवरून.

त्या सातांतली एक बाई घरी पापड लाटून विकते. नवरा नाही. मुलाचं लग्न ठरलं आहे. तिचं नाव मी पत्रात लिहीत नाही, तू ते छापून मोकळा झालास. सहा वर्षं झाली, तिच्यापासून कुणाला धोका नाही, तरी गोळ्या चालू ठेवायच्या असतात. शुक्रवारी चार घरांतून तिचे पापड परत आले. मोलकरणीच्या हाती डबे परत, ‘आमच्याकडे स्वल्प जास्त झालेत’ एवढाच निरोप. सोमवारी मुलाच्या सासरहून माणूस आला, तो उभ्याउभ्या बोलून गेला.

मी गेले तर दार बंद. खिडकीतून तिचा आवाज.

“अक्का, तुम्ही जा.”

मी म्हटलं, “माझं ऐकून तरी घे.”

“तुमचं पुस्तक येणार म्हणे. त्यात मी आहे म्हणे. पुरे झालं. परत येऊ नका, हात जोडते.”

आणि गोळ्यांच्या पुड्या, तीन महिन्यांच्या, तिनं खिडकीतून खाली टाकल्या. यल्लव्वा आणि मी त्या रस्त्यावर वेचत होतो आणि समोरच्या दुकानातली माणसं बघत होती. पंधरा वर्षं जे मी होऊ दिलं नाही ते तू पुण्यात बसून एका पाकिटात केलंस.

तिथून मी थेट नरसिंहरावांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली. यल्लव्वाला दिली नाही, ती उंबऱ्याशी उभी राहिली. या माणसांना समाजसेवेचा सत्कार करायचा आहे आणि पंधरा वर्षं लोकांच्या जखमा स्वतःच्या हातानं धुणाऱ्या बाईला बसायला सांगायचं सुचत नाही. मी खुर्चीवरून उठले.

“अक्का, काही चुकलं का?” ते म्हणाले. “वकील माणूस, तुमचा सख्खा भाऊ. बरोबरच लिहिलं असणार म्हटलं. आणि आपलीच माणसं आहेत, वाईट कोण म्हणणार?”

“पापड परत कुणी केले मग?”

त्या चार डब्यांतला एक त्यांच्या घरचा होता. अकराही प्रती मी परत मागितल्या. नऊ मिळाल्या. दोन ‘सापडत नाहीत’.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नीट बसून वाच.

रा. म्हणजे राजलक्ष्मी. आपली आई.

तू नऊ वर्षांचा होतास. तुला सांगितलं की आई आत्याबरोबर काशीला गेली आणि तिथं पटकीनं गेली. प्रेत नव्हतं म्हणून गुरुजींनी दर्भाची आकृती केली. तुझं डोकं भादरलं, तू अग्नी दिलास. दर्भ भर्रकन जळून गेला तेव्हा तू अण्णांना विचारलंस, “एवढ्यात झालं?” मी सोळा वर्षांची होते, मलाही तेच सांगितलं होतं. त्या वेळी आई इथून बारा मैलांवर, शहराबाहेरच्या महारोग्यांच्या वसाहतीत होती. जिवंत होती, आणि पुढे अठ्ठावीस वर्षं होती.

मला दोन वर्षांनी कळलं, कारण तिला लुगडी पोहोचवायला अण्णांना कुणीतरी हवं होतं. तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार. शाळेच्या कामाला जाते म्हणायची. सुट्टीत आलास की तू चिडवायचास, अक्काची शाळा रविवारीही भरते. माझी लग्नं मी मोडली हे तुला ठाऊक आहे, आणि मी फार शिष्ट म्हणून मोडली असं तू मानतोस. दर महिन्याला कुठं जातेस, असं विचारणारा माणूस मला घरात नको होता.

तू दर वर्षी तिचं श्राद्ध करतोस. पहिल्या वेळी मी वसाहतीत गेले ती तुझ्या दुसऱ्या श्राद्धानंतर. तिनं मला विचारलं, “खीर केली होती का? शेषूला आवडते.” मी हो म्हटलं. पोट धरून हसली आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

तुला सांगायचं नाही हे तिचंच म्हणणं. “त्याला कळलं तर तो यायचा, आणि आला तर मला बघायचा,” असं म्हणायची. शेवटी तिला बोटं राहिली नव्हती. तुझ्या लग्नाचा फोटो मी तिच्यासमोर धरून बसले होते, हात अवघडेपर्यंत. एकोणपन्नास साली ती गेली. त्याच्या आदल्या वर्षी नव्या गोळ्या आल्या होत्या आणि मी केंद्रात लागले होते. वही उघडली तेव्हा पहिलं नाव तिचंच घातलं. तिला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता. पुढची एकेचाळीस तिच्यामुळे झाली.

अण्णा गेल्यावर मला सांगता आलं असतं. ती गेल्यावर तर नक्की. मी सांगितलं नाही. चौपन्न साली तू अंगणात उभा राहून ओरडलास की माझ्या रक्तात तू महारोग आणलास, तेव्हाही माझ्या जिभेवर आलं होतं, की बाबा रे, रक्ताचंच म्हणशील तर तुझ्या आईपासून मोज. मी गिळलं. लपवायची सवय एकदा लागली की ती माणसाला विचारत नाही. आज मी जी तुझ्यावर आग पाखडते आहे त्यातली किती माझ्या स्वतःवरची आहे ते मला सांगता येणार नाही.

आता छाप. तुला नावं छापायची हौस आहे ना, मग पहिल्यापासून छाप. पहिलं नाव गाळून दुसऱ्यापासून सुरुवात केलीस तर मात्र तू माझा कुणी नाहीस.

कावेरी

*

२ सप्टेंबर १९६३

चि. शेषगिरी,

वही पोचली. पाकिटात पत्र नव्हतं, एक चिठ्ठी होती: ‘तिथी कोणती?’

मी उत्तर दिलं नाही, कारण मला ती लिहवत नव्हती. तीन वेळा कार्ड घेतलं आणि ठेवून दिलं. मग स्मरणिका छापून आली, आणि मी पुन्हा संतापले.

कुणाला विचारून लिहिलंस ते? नरसिंहरावांनी अंक हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, “समितीनं फार सांगितलं, अक्का, गाळा म्हणून. वकीलसाहेबांची तार आली, छापायचं तर सगळं, नाही तर काहीच नाही. तोवर बाकीचा अंक तयार झाला होता.” मी तिथंच उभी राहून वाचलं. यादी नाही. बेचाळिसांतलं एकही नाव नाही. एकच, आणि ते पहिल्या ओळीत. ‘माझी आई राजलक्ष्मी हिला महारोग होता. ती जिवंत असताना मी तिची उत्तरक्रिया केली. माझ्या बहिणीनं सव्वीस वर्षं तिला लुगडी आणि जेवण पोचवलं, आणि मी त्या बहिणीशी नऊ वर्षं बोललो नाही.’ खाली तुझं पूर्ण नाव, हुद्दा आणि पुण्याचा पत्ता.

मला आधी विचारायला हवं होतंस. आईला विचारायची सोय नव्हती, पण मी होते. ते नाव मी इतकी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं आणि तू ते पानसुपारीसारखं तीनशे प्रतींत वाटलंस. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. तू दुसऱ्याचं नाव लावलं नाहीस, स्वतःच्या घरचं लावलंस, स्वतःचा पत्ता लावलास. हा फरक मी मानते. तुझ्या धाकट्याचं लग्न अजून व्हायचं आहे, हे मला ठाऊक आहे, आणि तुलाही लिहिताना ठाऊक असणार.

समारंभाचं सांगते. मी जाणार नव्हते. यल्लव्वा म्हणाली, “अक्का, आपण न गेलो तर लोक म्हणतील हे भ्याले,” म्हणून गेलो. तिला मी व्यासपीठावर माझ्याशेजारी बसवलं. एक हार कमी पडला. मग त्यांना आणखी एक हार आणावा लागला. पुढच्या दोन रांगा जवळजवळ रिकाम्या होत्या. आले होते त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्मरणिका मांडीवर पालथी ठेवली होती. नरसिंहरावांनी शाल घातली तीही अशी, की बोट माझ्या खांद्याला लागू नये. मला वाईट वाटलं नाही, मी पंधरा वर्षं त्या बोटांची सवय करते आहे.

बोलायला सांगितलं. मी म्हटलं, “मी लग्नं जुळवली नाहीत. एकच जुळलं, तेही चुकून.” हसले लोक. मग म्हटलं, “माझ्या पिशवीत पत्रिकांखाली गोळ्या असतात. कुणाला लागल्या तर पत्रिका न देताही मिळतील. आणि ज्यांनी पापड परत केले त्यांनी ते विकत आणावेत.” तेव्हा कुणी हसलं नाही. नरसिंहरावांच्या पत्नी पदराशी चाळा करत बसल्या होत्या.

क्षमा मागच्या रांगेत होती, पोरीला घेऊन. शेजारी कमलाबाई. क्षमानं तुझा लेख सासूला मोठ्यानं वाचून दाखवला होता म्हणे, रघुपतीराव मध्ये थांब थांब म्हणत असताना. बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, “तुझ्या पोरीचं कसं ग होणार आता? दोन्हीकडून झालं.”

“सरी, होऊ दे, आत्या,” ती म्हणाली. “लोक दोन्हीकडून विचारतील. मी दोन्हीकडून एकच सांगेन. अप्पा आले तर बरं होईल, एवढं लिही त्यांना. मी लिहिणार नाही, त्यांनी मला आधी लिहायला पाहिजे.”

तुझीच मुलगी आहे.

आईची तिथी कार्तिक वद्य पंचमी. सकाळी गेली, माझा हात तिच्या कपाळावर होता. या वर्षीपासून त्या दिवशी कर. आधीची बेचाळीस वर्षं जे केलंस ते कुणाला पोचलं हे मला विचारू नकोस.

आणि आता मुख्य. पापडवाल्या बाईचं दार उघडलेलं नाही. सहा गुरुवार झाले. मुलाचं लग्न मोडलं ते मोडलं. गोळ्या बंद आहेत, आणि परवा यल्लव्वाला ती नळावर दिसली तर तिच्या मनगटाला फडकं बांधलं होतं. भाजलं असेल, किंवा जखम झाली असेल, आम्हाला पाहू देत नाही. तुझा लेख तिच्यापर्यंत पोचला. कुणीतरी वाचून दाखवला. तिनं निरोप पाठवला की त्यांनी त्यांच्या आईचं लिहिलं, चांगलं केलं, माझं का लिहिलं होतं ते मला येऊन सांगू दे.

तर ये. हार नको, लेख नको, पुण्याची मिठाई नको. गुरुवारी सकाळी दहा वाजता माझ्याबरोबर चामराजपेटेत चल, यल्लव्वाही असेल. खिडकीतून ती जे बोलेल ते ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, वकिली करू नकोस, माझा हेतू चांगला होता असं तर मुळीच म्हणू नकोस. पहिल्या गुरुवारी ती उघडणार नाही. दुसऱ्याही नाही. रजा मोठी काढून ये.

कावेरीअक्काचा आशीर्वाद.